यकृताची हाक आणि संप्रेरकाची आशा

(एका नागरी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे शीर्षक वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात असे आले असेल की, या विषयावर एखाद्या डॉक्टरांनी बोलावयास हवे होते. मी कला शाखेचा पदवीधर आहे आणि माझे सारे आयुष्य वृत्तपत्राच्या टेबलावर गेले आहे. यकृत कसे तपासावे हे मला ठाऊक नाही. परंतु बातमी कशी तपासावी, हे मात्र माझे रोजचे काम आहे. आणि आजचा विषय हा जितका वैद्यकाचा, तितकाच बातमीचाही आहे.

बातमी अशी: दारूमुळे ज्यांच्या यकृतात चरबी साठली आहे, अशा रुग्णांवर एका संप्रेरकाच्या साहाय्याने उपचार करता येण्याची शक्यता शास्त्रज्ञांना दिसू लागली आहे. संप्रेरक म्हणजे हार्मोन. हे संप्रेरक यकृतातील चरबी कमी करते आणि शिवाय पिण्याची ओढही कमी करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे.

ही बातमी एकाच दिवशी तीन निरनिराळ्या घरांत वाचली जाते. एका घरात ती पिणारा स्वतः वाचतो आणि मनाशी म्हणतो, 'चला, औषध येते आहे. तोवर चालू द्यावे.' दुसऱ्या घरात ती त्याची पत्नी वाचते, कात्रण कापून ठेवते आणि हे इंजेक्शन कोठे मिळेल याची चौकशी करू लागते. तिसऱ्या घरात ती आपल्यासारखा एखादा कार्यकर्ता वाचतो. सेवावस्तीत रोज संध्याकाळी काय घडते, हे त्याने पाहिलेले असते; तो म्हणतो, 'हे सारे मोठ्या शहरांतल्या मोठ्या लोकांसाठी.' या तिघांनीही बातमी वाचली, पण तिचा अर्थ तिघांच्याही हातून निसटला. तो अर्थ नीट लावण्याचा प्रयत्न आज करावयाचा आहे.

मुके सोसणारे इंद्रिय

प्रथम यकृताविषयी. उजव्या बरगड्यांच्या आड वसलेले हे साधारण दीड किलो वजनाचे इंद्रिय म्हणजे शरीराचे कोठार, स्वयंपाकघर आणि सांडपाण्याची व्यवस्था, असे सारे एकत्र आहे. अन्नातून आलेली साखर साठविणे, रक्त गोठण्यास लागणारी प्रथिने तयार करणे, पित्त निर्माण करणे, विषारी द्रव्यांचा निचरा करणे, अशी असंख्य कामे ते अहोरात्र करीत असते. त्याचा एक स्वभाव मात्र घातक आहे. ते तक्रार करीत नाही. दात दुखला की माणूस रात्रभर जागतो. यकृत मात्र वर्षानुवर्षे बिघडत जाते आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पोटात गेलेल्या मद्याचा बहुतांश निचरा यकृतालाच करावा लागतो. मद्यार्काचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि मग त्याचे तुलनेने निरुपद्रवी अशा अ‍ॅसिटेटमध्ये. या प्रक्रियेत यकृतातील पेशींचा रासायनिक समतोल असा ढळतो की, चरबी जाळण्याचे काम मंदावते आणि चरबी तयार करण्याचे काम वाढते. परिणामी पेशींमध्ये मेदाचे थेंब साठू लागतात. सोनोग्राफीच्या अहवालावर 'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द येतात ते असे.

नियमितपणे आणि भरपूर पिणाऱ्या बहुतेक सर्वांच्या यकृतात ही चरबी साठते. ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे दाह, म्हणजेच हिपॅटायटिस. तिसरी पायरी म्हणजे यकृतात व्रणासारखे कठीण तंतू निर्माण होणे, आणि शेवटची पायरी सिरॉसिस, जिथे मऊ यकृत आकसून गाठीगाठीचे होते. मग पोटात पाणी साठते, पाय सुजतात, रक्ताच्या उलट्या होतात, बुद्धी भ्रमिष्टासारखी होते. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांपैकी साधारण दहा ते वीस टक्के लोक या शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतात. कोण पोहोचेल आणि कोण नाही, हे आधी सांगता येत नाही. मधुमेह, लठ्ठपणा, हिपॅटायटिस बी किंवा सी यांची जोड मिळाली की उतरण अधिक वेगवान होते. स्त्रियांचे यकृत तर पुरुषांच्या मानाने कमी मद्यानेही बिघडते.

एके काळी वैद्यकशास्त्र असे मानीत असे की, दारुड्याचे यकृत दारूने बिघडत नाही, तो नीट जेवत नाही म्हणून बिघडते. न्यूयॉर्कमधील चार्ल्स लीबर या संशोधकाने हा समज मोडून काढला. १९७० च्या दशकात त्याने बबून जातीच्या माकडांना उत्तम पोषक आहाराबरोबर मद्यार्क दिला आणि तरीही त्यांच्या यकृताची हानी होते, हे दाखविले. 'आमचा माणूस खातो-पितो चांगले, त्याला काही होणार नाही' असे म्हणणारी मंडळी आजही आढळतात; त्यांच्यापर्यंत हा निष्कर्ष अजून पोहोचावयाचा आहे. त्याच जातीचा दुसरा समज म्हणजे 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे'. तीस मिलिलिटरच्या एका लहान पेगात साधारण दहा ग्रॅम मद्यार्क असतो. ६५० मिलिलिटरच्या बिअरच्या एका बाटलीत, तिच्या तीव्रतेनुसार, पंचवीस ते चाळीस ग्रॅम. यकृत बाटलीवरचे लेबल वाचत नाही, ते केवळ मद्यार्क मोजते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत निःसंदिग्धपणे सांगितले आहे की, आरोग्यास पूर्णतः सुरक्षित अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही.

यकृताचे स्वतःचे संप्रेरक

आता संप्रेरकाकडे वळू. आपल्याला इन्सुलिन ठाऊक असते, थायरॉईड ठाऊक असते. ही संप्रेरके ठरावीक ग्रंथींतून रक्तात येतात आणि दूरच्या अवयवांना आदेश देतात. यकृतही संप्रेरके निर्माण करते, ही गोष्ट मात्र सर्वसामान्यांना फारशी परिचित नाही. ज्या संप्रेरकाची आज चर्चा आहे, त्याचे नाव एफजीएफ-२१. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली त्याचा शोध लावला. हे मुख्यत्वे यकृतात तयार होते. उपवास, अतिरिक्त साखर, प्रथिनांची कमतरता अशा ताणाच्या प्रसंगी यकृत ते रक्तात सोडते. आणि ज्या गोष्टीने ते माणसात झपाट्याने वाढते, अशी एक गोष्ट म्हणजे मद्य.

हे संप्रेरक रक्तातून थेट मेंदूपर्यंत जाते. पेशीवर ते ज्या कुलपात बसते, त्या कुलपाचा एक भाग म्हणजे बीटा-क्लोथो नावाचे प्रथिन. हे प्रथिन शरीरातील मोजक्याच ठिकाणी असते. म्हणून हे संप्रेरक सर्वत्र भटकत असले तरी त्याचा आदेश काही ठरावीक ठिकाणीच ऐकला जातो. त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे मेंदू. तेथे ते गोडाची आणि मद्याची ओढ कमी करते.

यातील मर्म ध्यानात घ्या. आपण आताच म्हटले की यकृत मुके आहे. ते वेदनेच्या भाषेत बोलत नाही, हे खरे. परंतु मद्य पोटात जाताच ते रसायनाच्या भाषेत मेंदूला हाक मारते: 'आता पुरे कर.' शरीराची रचना करणाऱ्याने हा निरोप्या आधीच नेमून ठेवला आहे. शास्त्रज्ञ आज जे करू पाहत आहेत, ते एवढेच की, या निरोप्याचा आवाज मोठा करावा.

प्रयोगांची साखळी

याचे पुरावे कोणते? २०१६ साली युरोपीय वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बीटा-क्लोथोच्या जनुकातील एका फरकाचा माणूस किती मद्य पितो याच्याशी संबंध असल्याचे त्यात आढळले. म्हणजे ही यंत्रणा केवळ उंदरांची नव्हे, ती माणसाचीही आहे, याचा संकेत मिळाला.

२०२२ साली अमेरिकेतील आयोवा आणि डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील संशोधकांनी व्हर्व्हेट जातीच्या माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. या माकडांपैकी काहींना निसर्गतःच मद्याची आवड असते. त्यांना एफजीएफ-२१ सारखे काम करणारे औषध दिल्यावर त्यांचे मद्यपान सुमारे निम्म्याने घटले. त्याच अभ्यासात हे संप्रेरक उंदरांच्या मेंदूतील कोणत्या मार्गाने ओढ कमी करते, याचाही माग लावण्यात आला.

२०२३ साली टेक्सासमधील साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रातील डेव्हिड मँगल्सडॉर्फ आणि स्टीव्हन क्लीवर यांच्या गटाने आणखी एक विलक्षण गोष्ट दाखविली. मद्याच्या गुंगीत पडलेल्या उंदरांना हे संप्रेरक दिले असता ते लवकर शुद्धीवर आले. आणि ज्यांच्या शरीरात ते मुळीच नव्हते, त्या उंदरांना शुद्धीवर येण्यास अधिक वेळ लागला. रक्तातील मद्य मात्र यामुळे अधिक वेगाने कमी झाले नव्हते. संप्रेरकाने मेंदूतील जागृतीचे केंद्र चेतविले होते. झोपेच्या गोळ्यांनी किंवा भुलीच्या औषधांनी आलेल्या गुंगीवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही. जणू हा निरोप्या मद्याच्या संकटासाठीच नेमलेला आहे.

आणि अलीकडे, आयोवाच्या त्या संशोधनाचे एक प्रमुख मॅथ्यू पोटॉफ यांनी ओक्लाहोमा विद्यापीठातून याच दिशेने काम पुढे नेले आहे. मद्यामुळे बिघडलेल्या यकृतावर हे संप्रेरक दोन बाजूंनी काम करू शकेल, अशी यामागील अपेक्षा आहे: एकीकडे मेंदूवर, म्हणजे ओढीवर, आणि दुसरीकडे यकृतावर, म्हणजे साठलेल्या चरबीवर आणि दाहावर. वृत्तपत्रांत आलेल्या बातमीचे मूळ हे आहे. हा विचार मोलाचा का? कारण आजवरचे उपचार एक तर व्यसनाकडे पाहत, नाही तर यकृताकडे. दोन्ही रोग एकाच माणसात असतात, पण त्यांचे डॉक्टर दोन, विभाग दोन, केसपेपरही दोन. एकच औषध दोहोंवर चालले, तर ती मोठीच गोष्ट होईल.

इतिहासाचा इशारा

बंधू-भगिनींनो, येथवरचे ऐकून टाळ्या वाजवाव्यात असे वाटेल. पण पत्रकाराने अशा वेळी जुनी फाईल काढून पाहावी. यकृताच्या या रोगावर संप्रेरकाचा प्रयोग होण्याची ही पहिलीच वेळ नाही.

सिरॉसिस झालेल्या पुरुषांत पुरुष-संप्रेरक घटते, हे लक्षात आल्यावर ते बाहेरून द्यावे, असा विचार पुढे आला. विचार तर्कशुद्ध होता. कोपनहेगनमध्ये दोनशेहून अधिक मद्यपी रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि १९८६ साली निष्कर्ष आला: मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. १९८७ साली टोरांटोच्या संशोधकांनी थायरॉईडची क्रिया मंद करणारे एक औषध वापरून मृत्यू बरेच कमी झाल्याचे सांगितले. मोठी आशा निर्माण झाली. पुढे सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा तो लाभ सिद्ध होऊ शकला नाही.

सर्वांत मोठे उदाहरण स्टेरॉईडचे. प्रेडनिसोलोन हे अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या संप्रेरकाचे कृत्रिम रूप आहे. मद्यामुळे यकृताला तीव्र दाह झालेल्या रुग्णाला ते देण्याची पद्धत कित्येक दशकांची. २०१५ साली ब्रिटनमधील ६५ रुग्णालयांत ११०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल आले. पहिल्या २८ दिवसांत किंचित लाभ दिसला, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरता उतरला नाही. तीन महिन्यांनी आणि वर्षाने पाहिले, तर लाभ काहीच नव्हता. उलट गंभीर जंतुसंसर्गाचे प्रमाण मात्र वाढलेले होते. निवडक रुग्णांत डॉक्टर आजही ते विचारपूर्वक वापरतात, पण त्याला रामबाण म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही.

लेप्टिनची गोष्टही स्मरणात ठेवण्याजोगी आहे. १९९४ साली या संप्रेरकाचा शोध लागला तेव्हा लठ्ठपणावर औषध सापडले, अशी जगभर हवा झाली. नंतर कळले की, बहुतेक लठ्ठ माणसांच्या शरीरात लेप्टिन मुळातच भरपूर असते; शरीराने त्याचे ऐकणे सोडलेले असते. एफजीएफ-२१ बाबत हाच प्रश्न उभा आहे. पिणाऱ्याच्या रक्तात ते आधीच वाढलेले असते. मग हाक जाऊनही मेंदू ऐकत का नाही? औषधाची मोठी मात्रा या बहिरेपणावर मात करील, असा संशोधकांचा कयास आहे. प्राण्यांत तसे दिसले आहे. माणसांत ते दिसावयाचे आहे.

औषध कोठवर आले?

शरीरातील मूळ संप्रेरक रक्तात फार वेळ टिकत नाही. म्हणून त्याची रचना बदलून आठवड्याला किंवा महिन्याला एकदा टोचता येईल अशी औषधे कंपन्यांनी तयार केली आहेत. एफ्रुक्सिफर्मिन, पेगोझाफर्मिन, एफिमोस्फर्मिन ही त्यांतील काही नावे. माणसांवरील त्यांच्या चाचण्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. पण मुख्यतः कोणाच्या यकृतावर? जे फारसे मद्य घेत नाहीत, ज्यांचे यकृत लठ्ठपणा व मधुमेहामुळे बिघडले आहे, त्यांच्या. अशा चाचण्यांतून भरपूर पिणाऱ्यांना सहसा वगळलेच जाते. तेव्हा तेथील निष्कर्ष जसाच्या तसा मद्यपी रुग्णास लावणे चुकीचे ठरेल. मळमळ, जुलाब यांसारखे त्रास दिसले आहेत. हाडांवर होणाऱ्या परिणामाकडेही संशोधक लक्ष ठेवून आहेत.

दुसऱ्या संप्रेरकाचाही उल्लेख करावयास हवा. आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करणारे सेमाग्लुटाइड हे औषध मधुमेह व वजनासाठी आपल्याकडेही पोहोचले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ४८ जणांवर झालेल्या नऊ आठवड्यांच्या एका लहान चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. त्यांत औषध घेणाऱ्यांची मद्याची ओढ आणि एका बैठकीत पिण्याचे प्रमाण कमी झाले. पिण्याच्या दिवसांची संख्या मात्र लक्षणीय घटली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हे औषध यकृताच्या चरबीजन्य दाहासाठी मान्य केले. पण तो दाह चयापचयाच्या बिघाडातून आलेला, मद्यातून आलेला नव्हे. बरे, हे औषध भूक मारते आणि वजन उतरविते. वर्षानुवर्षे पिऊन ज्याचे स्नायू झडले आहेत, त्या कृश रुग्णाला आणखी उपाशी ठेवणे किती हितावह, याचा विचार डॉक्टरच करू शकतात. मित्राच्या सांगण्यावरून किंवा औषध दुकानदाराच्या शिफारशीवरून ते टोचून घेणे हा अविचार होईल.

सारांश, आज या घटकेला मद्यजन्य यकृतरोगावर मान्यता पावलेले एकही संप्रेरक-औषध नाही. आशा आहे, दिशा आहे, पण औषधाच्या दुकानात अजून काही नाही.

आज हाती असलेला उपाय

मग आज करावयाचे काय? येथे मी आपल्याला अशी एक बातमी सांगतो, जिला वृत्तपत्रात कधी मथळा मिळत नाही, कारण ती जुनी आहे. केवळ चरबी साठलेल्या अवस्थेत माणसाने मद्य पूर्णतः थांबविले, तर बहुतेकांच्या यकृतातील चरबी दोन ते सहा आठवड्यांत ओसरते. तंतू निर्माण झाल्यानंतरही सोडले तर उतरण थांबते, काही अंशी मागेही फिरते. सिरॉसिस झाल्यावर सोडणाऱ्याचेही आयुष्य न सोडणाऱ्यापेक्षा वाढते. यकृताइतका क्षमाशील अवयव शरीरात दुसरा नाही. परंतु त्याच्या क्षमेला मुदत आहे, आणि ती मुदत केव्हा संपली हे ते कळवीत नाही. 'औषध येईपर्यंत' थांबणारा माणूस ही मुदत खर्च करीत असतो.

आता काही व्यावहारिक गोष्टी, विशेषतः घरातील माता-भगिनींसाठी आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी.

पहिली गोष्ट, रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका दिवसात, घरच्या घरी दारू तोडणे धोक्याचे ठरू शकते. काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास आणि भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून थांबावयाचे ते पूर्णच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यांच्याकडे या काळासाठी औषधे आहेत, ब-१ जीवनसत्त्व आहे.

दुसरी गोष्ट, चहात किंवा भाजीत नकळत औषध मिसळण्याचे प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात. जाहिराती तर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशाच असतात. अशा पुड्यांत पुष्कळदा डायसल्फिराम असण्याचा संभव असतो. ते पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवू शकतो. शिवाय ते यकृतालाही बाधते. प्रेमापोटी केलेली ही फसवणूक घरच्यांच्याच हातून अनर्थ घडविते. ती कृपया करू नका, कोणाला करू देऊ नका.

तिसरी गोष्ट, पिणाऱ्याचे डोळे पिवळे झाले की त्याला 'कावीळ उतरविणाऱ्या'कडे नेण्याची रीत आहे. मद्यजन्य तीव्र दाहात असे गेलेले आठ दिवस प्राणाचे मोल घेतात. तसेच 'लिव्हर टॉनिक'ची बाटली एका हातात आणि मद्याची दुसऱ्या हातात, असा तोल साधणारे महाभागही आहेत. पिणे चालू ठेवून यकृत वाचविणारे कोणतेही टॉनिक सिद्ध झालेले नाही.

चौथी गोष्ट, ओढ कमी करणारी काही औषधे आजही उपलब्ध आहेत. त्यांतील कोणते यकृताच्या कोणत्या अवस्थेत चालते, हे मानसोपचारतज्ज्ञ आणि यकृततज्ज्ञ यांनी मिळून ठरवावे लागते. म्हणून डॉक्टरांपुढे पिण्याचे खरे प्रमाण सांगा. पाहुण्यांपुढे झाकलेली गोष्ट डॉक्टरांपुढे झाकली, तर उपचार चुकतो.

दोष की रोग?

शेवटी एका नाजूक प्रश्नाकडे येतो. संस्कारांवर विश्वास ठेवणाऱ्या आपल्यासारख्या समाजाला वाटते की, दारू हा दोष आहे. त्याला रोग म्हटले की पिणाऱ्याची जबाबदारी संपते. आणि मेंदूतील संप्रेरकाची भाषा सुरू झाली, म्हणजे तर सारा दोष रसायनाचाच! ही शंका अनाठायी नाही. परंतु मधुमेहाचा विचार करा. इन्सुलिन हे संप्रेरक १९२० च्या दशकात उपलब्ध झाले म्हणून पथ्य संपले काय? औषधाने पथ्याला बळ दिले. पहिला प्याला उचलणे हा माणसाचा निर्णय असतो; शंभरावा प्याला उचलताना त्याच्या निर्णयशक्तीलाच वाळवी लागलेली असते. तेथे उपदेश पुरत नाही, उपचार लागतो. आणि उपचार सुरू झाल्यावर तो टिकविण्यास पुन्हा निश्चय, कुटुंब आणि समाज लागतो. संस्कार आणि उपचार हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत.

एक आकडा सांगतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील दहा ते पंचाहत्तर वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे सोळा कोटी लोक मद्य घेतात. त्यांपैकी पाच कोटींहून अधिक लोकांना मद्याच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. आणि व्यसनाधीन झालेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. बाकीचे सदतीस? ते आपल्याच गल्लीत आहेत, आपल्याच सोसायटीत आहेत. त्यांच्या घरचे लोक 'आमच्याकडे तसे काही नाही' असे सांगत दार लोटून घेतात. अडतीसातल्या एकावरच उपाय होत असेल, तर उद्या उत्तमोत्तम संप्रेरक बाजारात आले तरी ते पोहोचणार कोणापर्यंत?

महाराष्ट्रात यासाठी मार्ग दाखविणारे काम झालेले आहे. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले आणि व्यसनी माणसाला अपराधी न मानता माणूस म्हणून जवळ केले. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली जिल्हा दारूबंदी आली आणि डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथे हा प्रश्न आरोग्याचा म्हणून मांडला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा गावोगावी भरतात. तेथे शुल्क नाही, नाव सांगण्याची सक्तीही नाही. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीही निराळे गट आहेत. यांपैकी आपल्या गावात काय आहे, याची माहिती प्रत्येक कार्यकर्त्याच्या डायरीत असावयास हवी.

म्हणून माझे मागणे साधे आहे. आपल्या परिचयात असे घर असेल, तर येत्या आठवड्यात तेथे जा. उपदेश करू नका. त्या माणसाची यकृताची साधी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घेण्यास त्याला राजी करा आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर रुग्णालयात जाऊन बसा. अहवालात नुसती चरबी निघाली, तर त्याला सांगा की अजून वेळ आहे. अहवाल त्याहून वाईट निघाला, तर त्याला सोडून उठू नका.

प्रयोगशाळेतील संशोधक यकृताची हाक मोठी करण्याच्या खटपटीत आहेत. त्यांना यश येवो. पण ती हाक मेंदूपर्यंत पोहोचेपर्यंत, शेजारच्या दारातून मारलेली माणसाची हाक त्या माणसाच्या कानावर पडू शकते. ती मारण्यास कोणाच्या मान्यतेची वाट पाहावी लागत नाही.